उपरण्याखालचं दुसरं बोट

एका बाजाराच्या गावात सावकार सात होते आणि दलाल एकच. आता तुम्ही म्हणाल, सावकार गावातले, गरजवंतही गावातले, मग मधे दलाल कशाला? तर त्या गावात अब्रूचं फार होतं. सावकाराच्या पेढीची पायरी कुणी चढताना दिसला, की दिवस मावळायच्या आत पाणवठ्यावर बोलणं व्हायचं की अमक्याची चूल विझली. म्हणून ज्याला घर गहाण टाकून पैसे उचलायचे असत, तो दलालाकडे जाई आणि दलाल त्याचं काम झाकून करून देई.

दलालाचं नाव भिवबा. बाजाराच्या टोकाला चिंचेखाली घोंगडी टाकून बसायचा. खांद्यावर पांढरं उपरणं, बोलणं गुळासारखं, आणि मुलांना शेंगदाणे वाटायची सवय. माणूस वाईट वाटावा असं त्याच्यात काही नव्हतं.

सौद्याची रीत अशी होती. भिवबाच्या पडवीत सावकार आणि भिवबा समोरासमोर बसत. दोघांच्या हातांवर उपरणं टाकलेलं असे. व्याज तोंडानं बोलायचं नाही, उपरण्याखाली बोट दाबून सांगायचं. एक बोट म्हणजे शंभराला महिन्याला एक रुपया. दोन बोटं म्हणजे दोन. आणि ज्याला पैसे हवेत त्यानं तीन हात दूर, पाठ फिरवून बसायचं. का, तर त्याची लाज झाकली जावी. गरजवंताला आपल्या गरजेचा भाव होताना बघायला लागू नये, असं जुनी माणसं म्हणत. ऐकायला किती चांगलं वाटतं, नाही का?

बोलणी झाली की भिवबा उपरणं झटकून खांद्यावर टाकायचा आणि पाठमोऱ्या माणसाला व्याज सांगायचा. मग त्यानं खिशाला हात घातला, की भिवबा तो हात धरायचा. म्हणायचा, "तुमच्याकडून मी काही घेत नाही. सुपारीचं खांडसुद्धा नाही."

लोकांचे डोळे भरून यायचे. आपल्यासाठी एवढा उन्हातान्हात फिरतो, सावकाराशी झगडतो, आणि घेत काही नाही. बायका घरी जाऊन त्याच्या नावानं दिवा लावायच्या.

पण भिवबाच्या गोठ्यात घोडी होती. घरावर कौलं होती. बायकोच्या गळ्यात चार मणी सोन्याचे होते. हे कुठून आलं, असं त्या गावात कुणी विचारलं नाही. चिंचेखाली बसलेल्या माणसाच्या पानात रोज तूप कुठून पडतं, एवढं साधं कोडं, पण ज्याच्यावर विश्वास टाकला त्याच्या पानात कोण डोकावतो?

तर ते असं होतं. चौकातल्या माडीवाल्या सावकारानं भिवबाशी आतून ठरवलं होतं. गिऱ्हाईक एका बोटावर आणलंस तर तुला पान. तेच गिऱ्हाईक दोन बोटांवर बसवलंस तर शंभराला पाच रुपये, रोख, मागच्या दारानं. बाकीचे सावकारही कमीजास्त तसेच. एक वेशीजवळचा म्हातारा सावकार तेवढा निराळा. तो घर बघून, माणूस बघून एका बोटावर द्यायचा, आणि दलालाला काही म्हणजे काही द्यायचा नाही. म्हणून भिवबाचे पाय वेशीकडे कधी वळत नसत. लोकांनी त्या म्हाताऱ्याचं नाव काढलं, की भिवबा म्हणायचा, "त्याच्याकडे कशाला? चक्रम आहे तो."

त्याच गावात एक कासारीण राहायची. तिला सगळा गाव अक्का म्हणायचा. नवरा पूर्वी बांगड्यांच्या भट्टीवर होता. धग लागून लागून त्याचे डोळे गेले, तेव्हापासून घर अक्काच्या जिवावर. ओसरीवर बांगड्यांच्या माळा टांगलेल्या असत. आजूबाजूच्या बारा गावच्या लेकीसुना तिच्याकडून बांगड्या भरून घ्यायच्या. अक्काला लिहिता येत नव्हतं, रुपये सुटे करतानाही ती डझनाच्या हिशेबानं मोजायची. पण हात ओळखावा तर तिनं. डोळे मिटून नुसता पंजा हातात घेतला तरी सांगायची, ही बाई रडून आलीय, हिनं काल जातं ओढलंय, ही काहीतरी लपवतेय. म्हणायची, "हात आकसला की बांगडी चढत नाही गं. तोंड हसतं, हाताला हसता येत नाही."

एका पावसाळ्यात अक्काच्या घराचं आढं मोडलं. ओसरी खाली आली आणि टांगलेल्या सगळ्या माळा चुरा झाल्या. सुपानं काच भरून टाकली तिनं, दोन दिवस. घर उभं करायला दोनशे रुपये लागणार होते. ती भिवबाकडे आली.

म्हणाली, "भिवबा, साऱ्या गावाचा हात मी धरला. आता माझा हात धरायची पाळी तुझी."

भिवबानं माडीवाल्या सावकाराला बोलावलं. अक्का रीतीप्रमाणे पाठ करून बसली. उपरण्याखाली सावकारानं एक बोट दाबलं. घर देवळाच्या मागचं, भिंती पक्क्या, बाई कष्टाळू. एका बोटावर तो राजी होता. सौदा तिथेच ठरला होता. भिवबानं क्षणभर अक्काच्या पाठीकडे बघितलं. तिच्या पदराला अजून काचेचा चुरा चिकटून चमकत होता. मग त्यानं आपलं दुसरं बोट सावकाराच्या तळव्यात दाबलं.

सावकार हसला. भिवबानं उपरणं झटकलं आणि सांगितलं, शंभराला दोन.

अक्का वळली. तिनं विचारलं, "एकावर नाही का रे होणार?"

"फार ओढलं अक्का. खाली यायलाच तयार नाही."

"तू माझ्या बाजूचा. तू ओढलंस म्हणतोस तर ओढलंच असशील."

दोनशेवर दोन बोटं, म्हणजे महिन्याला चार रुपये. एक बोट असतं तर दोन. अक्कानं कमरेची पिशवी सोडली, तसा भिवबानं सवयीच्या सैल हातानं तिचा हात धरला आणि सुपारीच्या खांडाचं आपलं ठरलेलं वाक्य बोलला. अक्कानं ऐकलं, आणि पिशवीतून पैसे न काढता चार छोट्या हिरव्या बांगड्या काढल्या. "तुला नको तर नको. पारूला दे," म्हणाली. पारू म्हणजे भिवबाची लेक, तेव्हा नऊ-दहा वर्षांची.

त्याच दिवशी मागच्या दारानं भिवबाला दहा रुपये मिळाले. त्यानं त्यातून नवं उपरणं घेतलं, रेशीमकाठी. जुनं फार विटलं होतं.

पुढे सात वर्षं गेली.

अक्का दर महिन्याला चार रुपये नेऊन देत होती. ते नुसतं व्याज. मुद्दल दोनशेच्या दोनशे तसंच. आधी तिनं तांब्याचा हंडा विकला. मग लांबच्या बाजारांना जाऊ लागली, डोक्यावर पेटारा घेऊन, पायी. कुणी विचारलं, अक्का, एवढं व्याज कसं गं लागलं तुला, तर ती म्हणायची, लागलं ते कमीच लागलं, भिवबा होता म्हणून. तो नसता तर तीन लागलं असतं. तिचा शब्द लोक मानत. तिच्या सांगण्यावरून अकरा घरं भिवबाकडे गेली. कुणी छपरासाठी, कुणी विहिरीसाठी, कुणी भावाच्या वाटणीसाठी. अकराही जणांनी पाठ फिरवून व्याज ठरवून घेतलं आणि भिवबाला आशीर्वाद दिला.

आणि दर नागपंचमीला अक्का भिवबाच्या दारात यायची. पारूला समोर बसवून बांगड्या भरायची. पैसे घ्यायची नाही. "तुझ्या बापानं माझ्याकडून सुपारी घेतली नाही," ती पारूला सांगायची, "मी तुझ्याकडून कशी घेऊ?" पहिल्या वर्षी भिवबा हे ऐकून हसला. दुसऱ्या वर्षी त्याला घोडीला पाणी दाखवायचं आठवलं. पुढे पुढे नागपंचमी आली की तो सकाळीच कुठेतरी कामाला निघून जायचा. बायको म्हणायची, अहो, अक्का येणार आहे, थांबा की जरा. तो थांबायचा नाही.

सातव्या वर्षी पारूचं लग्न ठरलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी चुडा भरायला अक्काला बोलावणं गेलं. दारात मांडव, अंगणात बायका, एका बाजूला पुरुष माणसं, लोडाला टेकून माडीवाला सावकार. पारूच्या सासरची चार माणसंही येऊन बसली होती. अक्का पेटारा घेऊन आली. बायकांच्या लक्षात आलं की तिच्या स्वतःच्या हातात एकेकच कांकण आहे. कासारणीचे हात, आणि रिकामे. एकजण दुसरीला कोपर मारून म्हणाली, सोनारणीच्या नाकात मोती नाही तशातली गत. पण मोठ्यानं कुणी बोललं नाही.

अक्कानं पारूचा हात हातात घेतला. अंगठ्याच्या बुडाशी दाबून, पंजा निमुळता करून एकेक हिरवी बांगडी चढवली. पारूला म्हणाली, सैल सोड गं, तुला नेतोय तो राक्षस नाही. बायका हसल्या. दोन्ही हात भरून झाले. भिवबाच्या बायकोनं नारळ, तांदूळ आणि खण तिच्या ओटीत घातला. वर पैसे ठेवायला गेली तर अक्कानं हात मागे घेतला.

"पैसे नकोत. या घराचं ऋण माझ्यावर आहे, माझं या घरावर नाही."

मग तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. काही मागायचं म्हणून नव्हे. पारूच्या सासरच्यांना कळावं की मुलगी कुणाची आहे. म्हणाली की सात वर्षांपूर्वी माझं घर पडलं, तेव्हा या माणसानं माझ्यासाठी सावकाराशी झगडून व्याज खाली आणलं आणि माझ्याकडून सुपारीचं खांडसुद्धा घेतलं नाही. बोलता बोलता हेही सांगून टाकलं की यंदा दोन महिने व्याज थकलंय, या अमावास्येला घराला कुलूप लागणार आहे, ती आणि म्हातारा देवळाच्या ओवरीत राहतील. पण त्यात भिवबाचा काय दोष? माझंच नशीब उणं. मांडवातल्या बायकांनी पदर डोळ्याला लावले. सासरच्या म्हाताऱ्यानं भिवबाकडे मान हलवून बघितलं, की असा व्याही मिळाला.

भिवबाला वाटलं जमीन दुभंगावी. समोर माडीवाला सावकार बसला होता. त्यानं भिवबाकडे बघून एक डोळा बारीक केला, मिशीतल्या मिशीत हसला, आणि पानाचा डबा पुढे ओढला.

आता बघा, माणसाला लाज वाटली की तो आधी काय करतो? लाज उतरवायला जात नाही, झाकायला जातो. भिवबानंही तेच केलं. दहा रुपये मुठीत घेऊन तो अक्काजवळ गेला. तिच्या हातात पैसे कोंबावेत, कुणाला दिसू नये, आणि मनावरचं ओझं तेवढं हलकं व्हावं, असा विचार. आणि वीस वर्षांची सवय हाताला. त्यानं खांद्यावरचं रेशीमकाठी उपरणं ओढलं, अक्काच्या हातावर टाकलं आणि त्याखाली तिच्या तळव्यात रुपये ठेवले.

पण उपरण्याखाली गेलेला तो हात. त्याला दुसरं काही येत नव्हतं. पैसे ठेवता ठेवता त्याचं एक बोट तिच्या तळव्यात दाबलं गेलं. मग दुसरं. आणि दुसरं दाबलं जातंय हे लक्षात आल्याबरोबर भिवबानं ते चटका बसल्यासारखं मागे ओढलं.

अक्कानं त्याचा हात सोडला नाही.

तिनं डोळे मिटले. चाळीस वर्षं हात धरणारी बाई ती. तळवा ओला आहे, बोटं आकसली आहेत, मनगटाची शीर उडते आहे. हे सगळं तिला समजलं. ती हळू आवाजात म्हणाली, "भिवबा, एक बोट दिलंस. दुसरं का रे मागे घेतलंस?"

भिवबानं मान खाली घातली.

"असा हात मी चोरीचा माल विकणाऱ्याचा बघितलाय. तुझा का असा?"

भिवबाला हसून हात सोडवता आला असता. लग्नघर होतं, कुणीही हाक मारली असती, वाजंत्री आले असते, गोष्ट तिथेच राहिली असती. अमावास्येला अक्काच्या दाराला कुलूप लागलं असतं आणि भिवबाचं नाव तसंच चांगलं राहिलं असतं. ते सगळं त्या एका क्षणात त्याच्या हातात होतं. त्यानं वर बघितलं. पारू हिरवे हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत होती.

त्यानं उपरण्याखालीच अक्काच्या तळव्यात एक बोट दाबलं आणि तिला तेवढंच ऐकू जाईल असं म्हणाला, "सावकारानं एवढंच मागितलं होतं."

मग दुसरं बोट दाबलं. "हे माझं."

अक्कानं आपल्या दुसऱ्या हातानं उपरण्याचं टोक धरलं.

"हे काढ."

"अक्का, लग्नघर आहे."

"माझंही घरच आहे. काढ आणि बोल. मी तुझं कौतुक उघड्यावर केलं, तू झाकून का सांगतोस?"

भिवबानं उपरणं काढलं. आणि मांडवात, व्याह्यांसमोर, बायकांसमोर, लेकीसमोर, त्यानं सांगितलं. सावकार एकावर राजी होता हे सांगितलं. दुसरं बोट कुणी दाबलं ते सांगितलं. मागच्या दारानं दहा रुपये मिळाले ते सांगितलं. सांगताना त्याची नजर मातीत होती. हे उपरणं त्याच पैशाचं, हेही त्यानं सांगून टाकलं, ते कुणी विचारलं नव्हतं.

अक्कानं ते उपरणं जमिनीवर अंथरलं. पेटारा उघडला. एका काठाशी दहा बांगड्या मांडल्या. "हे तुझे," म्हणाली. मग दुसऱ्या काठाशी मांडायला लागली. दर महिन्याला दोन रुपये जास्तीचे, म्हणून दर महिन्याच्या दोन बांगड्या. बारा महिन्यांच्या दोन डझन. एक वर्ष. आणखी दोन डझन. दुसरं वर्ष. बायका जवळ सरकल्या. हिरव्या संपल्या तशा तिनं लाल घेतल्या, लाल संपल्या तशा पिवळ्या. सात वर्षांच्या चौदा डझन झाल्या. उपरण्यावर जागा पुरेना, बांगड्या मातीवर आल्या. म्हणजे एकशे अडुसष्ट. इकडे दहा, तिकडे एकशे अडुसष्ट.

भिवबानं आजवर फक्त दहा बघितले होते. दुसऱ्या बाजूला एवढा ढीग पडतो, हे त्यानं कधी मांडूनच बघितलं नव्हतं.

अक्का म्हणाली, "अरे, मागितले असतेस तर दिले नसते का दहा? पिशवी सोडलीच होती मी. तूच हात धरलास. म्हणालास सुपारीसुद्धा नको. सुपारी घेतली असतीस तर माझं घर राहिलं असतं."

भिवबानं हात जोडले. ती पुढे म्हणाली, "घराचं एक वेळ सोड. मी अकरा जणांना तुझ्याकडे पाठवलं. माझ्या शब्दावर गेले ते. तुझं खोटं माझ्या तोंडातून गावभर फिरलं, भिवबा. आता मी कुणाकुणाचा हात धरू?"

तेव्हा मागे बसलेली एक तेलीण, जिनं दोन वर्षांपूर्वी घाण्यासाठी घर गहाण टाकलं होतं, तिनं अगदी हलक्या आवाजात विचारलं, "भिवबा, आणि आमचं?"

भिवबानं मान वर केली नाही. मग दुसरीकडून कुणी तरी विचारलं, आणि आमचं? मग तिसरीकडून. त्याच्याच मांडवात, त्याच्याच घरच्या लग्नाला जमलेल्या निम्म्या लोकांच्या व्याजात त्याचं एकेक बोट होतं. माडीवाला सावकार उठला आणि जोडे शोधायला लागला. जोडे काही लवकर सापडेनात, तसा अनवाणीच गेला.

पारूनं हातातल्या बांगड्यांना हात घातला. ओढून काढायला लागली. अक्कानं तिचं मनगट धरलं. "त्या काढायच्या नाहीत. त्या मी तुला दिल्यात, तुझ्या बापाला नाही."

लग्न झालं. मोडलं नाही. पण जेवणाच्या पंक्तीत कुणी कुणाला आग्रह केला नाही.

तिसऱ्या दिवशी भिवबानं घोडी विकली. बायकोनं न मागता गळ्यातले चार मणी पुढे ठेवले, तेही विकले. एकशे अडुसष्ट रुपये घेऊन तो अक्काच्या दारात गेला आणि उंबऱ्याबाहेर उभा राहिला. तिनं आत ये म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. मग तो तिला वेशीजवळच्या म्हाताऱ्या सावकाराकडे घेऊन गेला. मुद्दल दोनशे, थकलेले आठ, त्यातून एकशे अडुसष्ट गेले, राहिले चाळीस. म्हाताऱ्यानं चाळीस रुपये एका बोटावर दिले, सगळ्यांदेखत, तोंडानं बोलून. माडीवाल्याचे पैसे त्याच्या ओट्यावर मोजून टाकले आणि घराचा कागद सुटला.

कागद सोडवून ती दोघं वेशीकडे परत आली, तेव्हा म्हाताऱ्यानं अक्काला विचारलं, आजवर महिन्याला किती देत होतीस? ती म्हणाली, चार. म्हाताऱ्यानं पाटीवर खडूनं काही मांडलं, पुसलं, पुन्हा मांडलं. मग भिवबाकडे बघत म्हणाला, "पहिल्यापासून एका बोटावर असती, तर त्याच चार रुपयांत व्याज भागून मुद्दलही फिटलं असतं. सहा वर्षं पुरी व्हायच्या आत. बाई गेल्या सालीच मोकळी झाली असती."

भिवबाला वाटत होतं, एकशे अडुसष्ट देऊन आपण बरोबरीत आलो. ते ऐकून तो पायरीवर बसला तो बराच वेळ उठला नाही.

उरलेल्यांकडेही तो गेला. ज्यांची घरं अजून त्यांची होती, त्यांना एकेक करून वेशीकडे नेलं. पण अकरांतली तीन घरं आधीच माडीवाल्यानं घेतली होती. त्यातल्या माणसांचा पत्ताही गावात कुणाला ठाऊक नव्हता. ती तीन घरं एकाच आळीत होती. पुढे भिवबा जन्मभर त्या आळीतून जाताना मान भिंतीकडे फिरवून जायचा. पूर्वी लोक त्याच्यासमोर पाठ फिरवून बसायचे, तसाच.

दलाली त्यानं सोडली नाही, दुसरं काही येत नव्हतं. पण रीत बदलली. हातावर उपरणं नाही. गरजवंतानं समोर तोंड करून बसायचं. आणि बसल्या बसल्या भिवबा आधी आपलं सांगायचा, "माझे दोन रुपये. ते तुम्ही द्यायचे. व्याज एक बोट लागो की तीन, सावकार कुठलाही असो, माझे दोनच. सावकाराकडून मी पानही खाणार नाही."

आता गंमत बघा. लोकांना हे आवडलं नाही. म्हणाले, आधी फुकट करायचा, आता दोन रुपये मागतो, लाज सोडली यानं. त्यातच चौकात एक नवा दलाल बसायला लागला, आणि तो काही घेत नव्हता. बरेच जण तिकडे गेले. भिवबा त्यांना अडवायचा नाही. एवढंच म्हणायचा, "जा. पण त्याच्या घरी तूप कोण पाठवतं, ते विचारून ये." काही विचारून परत आले. काही न विचारता तिथेच पाठ फिरवून बसले.

रेशीमकाठी उपरणं अक्कानं मांडवातून उचलून नेलं होतं. ओसरीवर ती ते अंथरून त्यावर बांगड्या मांडायची. भिवबा रस्त्यानं जाताना त्याला ते दिसायचं. त्यानं कधी परत मागितलं नाही.

पुढच्या नागपंचमीला पारू माहेरी आली. भिवबा त्या दिवशी घोडीला पाणी दाखवायला गेला नाही, घोडीही नव्हती. तो लेकीला घेऊन स्वतः अक्काच्या ओसरीवर गेला. अक्कानं पारूला बांगड्या भरल्या आणि हात पुढे केला.

"सहा आणे."

भिवबानं सहा आणे तिच्या उघड्या तळव्यावर ठेवले. तिनं मोजले, पिशवीत टाकले. मग पानाचा डबा उघडून अडकित्त्यानं सुपारी कातरली आणि एक खांड त्याच्यासमोर धरलं.

"हे घे," ती म्हणाली. "आता घ्यायला हरकत नाही."

भिवबानं ते घेतलं, पण त्याला ते तोंडात घालता आलं नाही. धोतराच्या सोग्याला बांधून तो घरी घेऊन गेला. म्हणतात, मरेपर्यंत ते तिथेच होतं.

यातून घ्यायचं तात्पर्य ते असं: तुमच्यासाठी फुकट राबतो म्हणणाऱ्याला आधी विचारावं, बाबा, तुझं पोट कोण भरतं, आणि आपल्या कष्टाचं मोल उघड मागायला लाजू नये, नाहीतर जी लाज दोन रुपयांत सुटली असती ती जन्मभर पदरात बांधून फिरावी लागते.